लिनक्स संगणकावर पीडीएफ कशात उघडावी?



'आजचे युग हे संगणकाचे युग आहे' या वाक्याने लेखाचा आरंभ करण्याची प्रथा फार जुनी आहे. त्यात आता एवढीच भर घालावी लागेल की, हे पीडीएफचेही युग आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचा खातेउतारा, विजेचे बिल, शासन निर्णय, विद्यापीठाचा अभ्यासक्रम, जुने दुर्मीळ ग्रंथ, यांपैकी काहीही मागितले तरी हाती पडते ती पीडीएफ फाईल. ती उघडली नाही किंवा उघडून चुकीची दिसली, तर विद्यार्थ्याचा अर्ज राहतो, आणि अर्ज राहिला म्हणजे वर्ष वाया जाते. तेव्हा हा विषय वरकरणी किरकोळ वाटला तरी तो तसा नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या संगणकांना स्वीकारत नाही. त्यामुळे घराघरांतील, अभ्यासिकांतील व छोट्या कार्यालयांतील कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. अशा संगणकांवर लिनक्स मिंट, उबुंटू यांसारखी लिनक्स प्रणाली बसविणे हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो. ती विनामूल्य मिळते, आणि चोरून मिळविलेली प्रत वापरल्याची नामुष्की राहत नाही. परंतु लिनक्स बसवून झाले की पहिला प्रश्न हमखास येतो : "यात ॲडोब रीडर कुठे आहे?"

त्याचे उत्तर असे की, तो नाही, आणि असू नये. ॲडोब कंपनीने लिनक्ससाठी काढलेली शेवटची आवृत्ती ९.५.५ ही २०१३ सालची. त्यानंतर कंपनीने लिनक्सकडे पाठ फिरविली. ती जुनी आवृत्ती शोधून काढून बसविण्याचा सल्ला काही हुशार मंडळी अजूनही देतात. आमचे मत त्याच्या सर्वस्वी विरुद्ध आहे. २०१३ नंतर पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये सुरक्षेची जी भोके सापडली व बुजविली गेली, त्यांपैकी एकही त्या आवृत्तीत बुजविलेले नाही. कुलूप तुटलेल्या तिजोरीत दागिने ठेवण्यासारखेच ते आहे.

मग लिनक्सवर काय वापरावे? नावांची यादी देणे सोपे आहे, पण यादी पाठ करून निवड होत नाही. त्यासाठी पीडीएफ म्हणजे काय हे आधी थोडे समजून घेतले पाहिजे.

ॲडोबचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमेलॉट' नावाच्या प्रकल्पाचे टिपण लिहिले. एका संगणकावर तयार झालेला कागद दुसऱ्या कोणत्याही संगणकावर व कोणत्याही छपाईयंत्रावर जसाच्या तसा दिसावा, ही त्यातील कल्पना. तिच्यातून १९९३ मध्ये पीडीएफ बाहेर आली. २००८ मध्ये ती आयएसओ ३२००० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. याचा अर्थ असा की, पीडीएफ कशी वाचावी याचे नियम जाहीर आहेत आणि ते पाळून कोणीही व्ह्यूअर तयार करू शकतो. लिनक्सवर एक नव्हे तर डझनभर व्ह्यूअर आहेत, याचे एक मोठे कारण हेच.

पीडीएफच्या पोटात काय असते? आपल्याला वाटते, मजकूर असतो. वास्तविक पाहता तेथे सूचना असतात : पानावर या ठिकाणी, या टंकातील, अमुक क्रमांकाचा आकार काढा, मग इतके सरकून पुढचा आकार काढा. परिच्छेद, ओळ, शब्द यांची जाणीव तेथे असेलच असे नाही. व्ह्यूअर हा त्या सूचना वाचून पान रंगविणारा चित्रकार होय. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मराठी मजकुराच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

व्ह्यूअरचे दोन भाग असतात. एक, पान रंगविणारे इंजिन. दुसरा, त्याभोवतीची खिडकी, म्हणजे बटणे, मेनू, शोधण्याची चौकट वगैरे. लिनक्सवर व्ह्यूअर पुष्कळ असले तरी मुख्य इंजिने मोजकीच आहेत. डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ मध्ये एक्सपीडीएफ हा व्ह्यूअर काढला. त्याच्याच मजकुरावरून २००५ मध्ये पॉप्लर नावाचे इंजिन वेगळे झाले, आणि आज एव्हिन्स, ॲट्रिल, एक्सरीडर, पेपर्स, ओक्युलर हे सर्व त्याच पॉप्लरवर चालतात. दुसरे इंजिन म्युपीडीएफ. तिसरे फायरफॉक्समध्ये असलेले पीडीएफ डॉट जेएस. चौथे क्रोम व क्रोमियमच्या पोटातील पीडीएफियम.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. आमच्या भाषेत सांगायचे तर शाखा बदलली तरी खाते तेच असते. एका शाखेत शिल्लक चुकीची दिसली म्हणून दुसऱ्या शाखेत धावत गेल्याने ती बरोबर दिसत नाही, कारण दोन्हीकडचे संगणक एकाच खातेवहीत पाहतात. तद्वतच एव्हिन्समध्ये आकृती बिघडलेली दिसली म्हणून ॲट्रिलमध्ये उघडण्याने बहुधा काही साधत नाही. उघडायची तर वेगळ्या इंजिनाच्या व्ह्यूअरमध्ये उघडावी. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, संगणकावर एक नव्हे, दोन व्ह्यूअर ठेवावेत, आणि त्या दोघांची इंजिने वेगळी असावीत. फायरफॉक्स बहुतेक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, त्यामुळे दुसऱ्याचा शोध घेण्याचे कष्टही पडत नाहीत.

आता पहिला कोणता, हे पाहू.

ज्याला केवळ वाचायचे आहे, छापायचे आहे आणि अधूनमधून एखादी ओळ पिवळी करायची आहे, त्याने आपल्या लिनक्ससोबत जो आला तोच वापरावा. लिनक्स मिंटमध्ये तो एक्सरीडर असतो. मेट डेस्कटॉपवर ॲट्रिल. जीनोम डेस्कटॉपवर २००५ पासून एव्हिन्स होता. २०२५ मध्ये आलेल्या जीनोम ४९ पासून त्याची जागा पेपर्सने घेतली. ही सर्व एकाच घराण्यातील भावंडे आहेत. ॲट्रिल हा एव्हिन्समधून निघाला, एक्सरीडर ॲट्रिलमधून, आणि पेपर्सही एव्हिन्समधूनच. नावे वेगळी दिसली म्हणून बुजून जाण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांसाठी मात्र आमची शिफारस ओक्युलरची आहे, आणि ती आम्ही आग्रहाने करतो. हा केडीई गटाचा व्ह्यूअर. मिंट किंवा उबुंटूवर बसविताना तो केडीईची बरीच सामग्री सोबत आणतो, म्हणून डिस्कवर थोडी जागा लागते. पण ती सत्कारणी लागते. यात ओळी रंगविता येतात, समासात टिपा लिहिता येतात, मनात आल्यास पानावर सरळ टंकित करता येते. पानाच्या कडेचा कोरा समास छाटून मजकूर मोठा करून पाहता येतो. लहान पडद्याच्या संगणकावर जुना ग्रंथ वाचताना याचे मोल कळते. तक्त्यातील आकडे रकान्यांसह उचलण्याचे एक हत्यार त्यात आहे. अर्थशास्त्राच्या व सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य वापरून पाहावे. डोळ्यांना त्रास होत असेल तर पानाचे रंग बदलता येतात. शिवाय ईपब व डेजाव्हू प्रकारची पुस्तकेही यातच उघडतात. २०२२ मध्ये जर्मनीचे 'ब्लू एंजल' हे पर्यावरणाचे मानचिन्ह मिळविणारा ओक्युलर हा पहिला संगणक प्रोग्राम ठरला, ही त्याच्या लौकिकाची गोष्ट होय.

टिपांच्या बाबतीत एक सूचना. पूर्वी ओक्युलर आपण केलेल्या खुणा पीडीएफमध्ये न ठेवता संगणकात अन्यत्र ठेवीत असे. मित्राला फाईल पाठविली की टिपा मागेच राहत. आता जतन केल्यावर त्या पीडीएफमध्येच जातात. पण जतन करावे लागते! परीक्षेच्या आदल्या रात्री संगणक बंद करण्यापूर्वी हे आठवावे.

ज्यांचा संगणक फारच जुना आहे, स्मृती अवघी दोन जीबी आहे, त्यांनी म्युपीडीएफ पाहावा. तो झटकन उघडतो, पाने झटकन उलटतो. मात्र बटणांचा थाटमाट नाही. झथुरा नावाचा दुसरा हलका व्ह्यूअर कीबोर्डवरच चालतो. ज्यांना माऊसला हात लावावयाचा नसतो असे लोक त्यावर खूष असतात. त्यात टिपा लिहिता येत नाहीत, म्हणून अभ्यासासाठी आम्ही तो सुचविणार नाही. असो.

यापुढचा भाग विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक वाचावा, कारण येथे वर्ष वाया जाण्याचा प्रश्न येतो.

अर्जाच्या पीडीएफ दोन जातींच्या असतात. एका जातीत रकाने पीडीएफच्या नेहमीच्या नियमांनी केलेले असतात. ते ओक्युलर, एव्हिन्स, फायरफॉक्स या सर्वांत भरता येतात. दुसरी जात एक्सएफए या पद्धतीची. यात खरा अर्ज वेगळ्याच भाषेत फाईलच्या पोटात दडविलेला असतो, आणि वरवर एकच खोटे पान असते. त्यावर इंग्रजीत 'कृपया थांबा' अशा अर्थाचा मजकूर असतो. ओक्युलर वा एक्सरीडरमध्ये अशी फाईल उघडली की तेवढेच पान दिसते. विद्यार्थी बिचारा थांबतो. त्याला वाटते, इंटरनेट मंद आहे, अर्ज येतो आहे. वास्तविक काहीही येत नसते. यायचे ते सगळे आधीच आलेले असते, ते दाखविणे या व्ह्यूअरला जमत नाही, इतकेच. अशा अर्जापुढे अर्धा तास बसून शेवटी 'साईट बंद आहे' असे सांगत घरी जाणे, हे अंतिम तारखेच्या दिवशी कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

यावर उपाय आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ९३ पासून तो व्ह्यूअर एक्सएफए अर्ज दाखवितो व भरूही देतो. तेव्हा 'कृपया थांबा' दिसले की न थांबता ती फाईल फायरफॉक्समध्ये उघडावी. तेथेही अर्ज चालला नाही, तर वेळ न दवडता विंडोज व ॲडोब रीडर असलेला संगणक गाठावा. यात कमीपणा मानू नये. २०१७ च्या पीडीएफ २.० या प्रमाणाने ही एक्सएफए पद्धत कालबाह्य ठरविली आहे, परंतु जुने अर्ज कार्यालयांतून लवकर हलत नाहीत, हे आपण जाणतोच.

रकान्यात देवनागरी टंकित करताना आणखी जपावे लागते. इंग्रजी अक्षरे सरळ एकापुढे एक बसतात. आपली जोडाक्षरे व वेलांट्या यांची जुळणी करावी लागते, आणि ती जुळणी अर्जाच्या रकान्यात प्रत्येक व्ह्यूअर नीट करील याची खात्री नाही. म्हणून अर्ज भरून जतन केल्यावर तो बंद करावा, दुसऱ्या इंजिनाच्या व्ह्यूअरमध्ये पुन्हा उघडावा, आपले नाव व आडनाव अक्षर अन् अक्षर तपासावे, आणि मगच पाठवावा. याला दोन मिनिटे लागतात.

आता मराठी मजकुराकडे वळू. तक्रार नेहमीची आहे : "पीडीएफमध्ये मराठी दिसते, पण शोधले तर सापडत नाही, उचलून दुसरीकडे चिकटविले तर भलतीच इंग्रजी अक्षरे येतात. व्ह्यूअर खराब आहे." व्ह्यूअर बहुधा निर्दोष असतो.

युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी टंकलेखन कृतिदेव, श्रीलिपी अशा टंकांत होत असे. या टंकांत एक युक्ती होती. संगणकाच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच राही, फक्त त्याचा आकार देवनागरी दिसे. कृतिदेवात 'क' म्हणजे इंग्रजी लहान 'डी', आणि काना म्हणजे लहान 'के'. माणसाला 'का' दिसते, संगणकाला 'डी' आणि 'के' दिसतात. अशा टंकातून केलेल्या पीडीएफमध्ये आपण 'शिष्यवृत्ती' हा शब्द शोधला, तर व्ह्यूअर प्रामाणिकपणे सांगतो की, असा शब्द येथे नाही. त्याच्यापुरते ते खरे असते.

यातील धोका लहान नाही. समजा, शंभर पानांची एक योजना-पुस्तिका आहे. विद्यार्थ्याने आपल्या प्रवर्गाचे नाव शोधले, एकही जागा सापडली नाही, आणि 'ही योजना आपल्यासाठी नाही' असे समजून त्याने फाईल मिटली. वस्तुतः बाराव्या पानावर त्याच्याचसाठी तरतूद लिहिलेली असेल. 'सापडले नाही' आणि 'नाही' यांत केवढे अंतर आहे! म्हणून कोणत्याही मराठी पीडीएफमध्ये काही शोधण्यापूर्वी एक परीक्षा करावी. समोर डोळ्यांना दिसत असलेला एखादा शब्द, जोडाक्षर व वेलांटी असलेला असल्यास उत्तम, शोधाच्या चौकटीत टंकित करावा. दिसत असलेला शब्दच सापडला नाही, तर त्या फाईलमधील शोध निरुपयोगी आहे असे समजावे आणि पाने डोळ्यांनी चाळावीत.

कारण पाहायचे असल्यास ओक्युलर किंवा एव्हिन्समध्ये फाईलची माहिती दाखविणारी 'प्रॉपर्टीज' खिडकी उघडावी. तेथे टंकांचे पान असते. त्यात कृतिदेव किंवा तत्सम जुने नाव दिसले की उलगडा होतो. तेथेच टंक फाईलमध्ये अंतर्भूत आहे की नाही, हेही कळते. तो अंतर्भूत नसेल तर आणखी पंचाईत : ज्या संगणकावर तो टंक नाही तेथे व्ह्यूअर दुसराच टंक लावतो आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा पडद्यावर येतो. अशा वेळी व्ह्यूअर बदलून उपयोग नाही. पाठविणाऱ्याला टंक अंतर्भूत करून पुन्हा फाईल पाठविण्यास सांगावे. जे स्वतः आपल्या मंडळाची परिपत्रके व निमंत्रणे तयार करतात त्यांनी युनिकोडमध्येच टंकलेखन करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

युनिकोडमध्ये केलेली पीडीएफही सर्वदा निर्दोष नसते, हेही सांगितले पाहिजे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर व्यंजनाच्या आधी काढली जाते. पीडीएफ काढलेल्या आकारांचा क्रम ठेवते. कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर, याची एक तालिका फाईलमध्ये असावी लागते; ती ज्याने पीडीएफ तयार केली त्याच्या प्रोग्रामने नीट लिहिली नसेल, तर उचललेल्या मजकुरात वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे फुटतात. अशा उताऱ्यावर विसंबून निबंध वा अर्ज लिहू नये, मूळ पानाशी ताडून पाहावा.

तिसरा प्रकार स्कॅन केलेल्या पानांचा. यात अक्षरे नसतातच, फोटो असतात. शोध चालणार कसा? येथे टेसरॅक्ट हा अक्षरओळखीचा विनामूल्य प्रोग्राम उपयोगी पडतो. त्याची मराठीची सामग्री वेगळी बसवावी लागते. ओसीआरमायपीडीएफ नावाचा प्रोग्राम त्याच्याच साह्याने स्कॅन केलेल्या पानाखाली अदृश्य मजकुराचा थर घालतो, आणि मग ओक्युलरमध्ये शोध चालू लागतो. स्वच्छ छपाईवर निकाल चांगला येतो. जुन्या, पिवळ्या पडलेल्या पानांवर चुका होतात.

स्कॅनचा विषय निघालाच आहे तर आम्हां आकड्यांत वावरणाऱ्यांना विसरता न येणारी एक हकीकत सांगतो. २०१३ मध्ये जर्मनीतील डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही स्कॅन-यंत्रे कागदावरील आकडेच बदलत होती. सहाच्या जागी आठ येत होता! यंत्र जागा वाचविण्यासाठी सारखे दिसणारे आकार एकच समजे आणि एकाच्या जागी दुसरा बसवी. आकडा पुसट नव्हे, स्वच्छ दिसे, पण चुकीचा. कंपनीला पुढे दुरुस्ती काढावी लागली. जगातील कोणत्याही व्ह्यूअरला अशी चूक कळणे शक्य नाही, कारण त्याच्या हाती मूळ कागद नसतो. स्कॅन केलेल्या कागदावरील रक्कम वा गुण महत्त्वाचे असतील तर मूळ प्रत पाहण्यास पर्याय नाही.

डिजिटल सहीबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. ई-आधार किंवा इतर शासकीय कागदांवर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह व 'वैधता अज्ञात' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसतात. ते पाहून कागद खोटा आहे, असे अनेकांना वाटते. त्याचा खरा अर्थ एवढाच की, सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रामागे उभ्या असलेल्या संस्थेला हा संगणक ओळखत नाही. बँकेत नमुना सहीचे कार्डच सापडले नाही, तर धनादेशावरील सही खरी की खोटी हे सांगता येत नाही, तसेच हे. आपल्या देशात या साखळीच्या शिरोभागी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालील प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक असतात. त्यांचे मूळ प्रमाणपत्र संगणकाच्या विश्वसनीय यादीत घातले की प्रश्न सुटतो. लिनक्सवर सही तपासण्यासाठी ओक्युलर चांगला : तो पानाच्या वर पट्टी दाखवितो आणि बाजूला सहीचा तपशील देतो. प्रमाणपत्रे तो सहसा फायरफॉक्सच्याच साठ्यातून घेतो, म्हणून मूळ प्रमाणपत्र फायरफॉक्समध्ये घातले की ओक्युलरलाही ते दिसते.

व्ह्यूअरने 'सही वैध' म्हटले की डोळे मिटून विश्वास ठेवावा, असेही नाही. २०१९ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेल्या २२ व्ह्यूअरपैकी २१ व्ह्यूअरना सहीच्या बाबतीत फसविता येते, असे दाखविले. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या. यासाठीच व्ह्यूअर नेहमी अद्ययावत ठेवावा, आणि मोठ्या रकमेचा वा नोकरीचा प्रश्न असेल तर देणाऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पडताळणी करावी. डिजिटल सहीच्या फाईलवर पिवळ्या खुणा करू नयेत, तिच्यात जतन करू नये; खुणा करायच्या तर वेगळी प्रत काढून तीवर कराव्यात. तिची छपाई काढली किंवा 'प्रिंट टू पीडीएफ' केले की सही उरत नाही, सहीचे चित्र उरते.

अभ्यासिकेतील संगणक अनेकांच्या हाताखालून जातो, त्याची काळजी वेगळी. ई-आधार व खातेउतारा यांच्या पीडीएफला परवलीचा शब्द असतो. एव्हिन्सच्या घराण्यातील व्ह्यूअर तो शब्द विचारतात तेव्हा खाली तीन पर्याय देतात : लगेच विसरा, बाहेर पडेपर्यंत लक्षात ठेवा, कायमचे लक्षात ठेवा. सार्वजनिक संगणकावर पहिला पर्यायच निवडावा. काम झाल्यावर फाईल पुसावी, कचरापेटीतूनही काढावी, आणि अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादी रिकामी करावी. ई-आधारचा परवलीचा शब्द नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष यांचा असतो, म्हणजे ओळखीच्या माणसाला तो तर्काने काढता येतो. फाईल तशीच मागे ठेवून जाण्यात काय जोखीम आहे, ते यावरून कळावे.

राहिली छपाई. प्रवेशपत्र किंवा ठराविक मापाचा फोटो असलेला अर्ज छापताना पान कागदात बसविण्यासाठी लहान करण्याचा पर्याय अनेक व्ह्यूअरमध्ये आपोआप निवडलेला असतो. त्यामुळे मापे थोडी आक्रसतात. साध्या वाचनाला याने काही बिघडत नाही, पण बारकोड असलेल्या किंवा मापाची अट असलेल्या कागदासाठी छपाईच्या खिडकीत पानाचे प्रमाण 'काही नाही' किंवा शंभर टक्के करावे, कागद ए-४ आहे ना ते पाहावे, आणि आधी एकच पान छापून पट्टीने मोजावे.

निवडलेला व्ह्यूअर कायमचा करण्यासाठी कोणत्याही पीडीएफवर माऊसचे उजवे बटण दाबावे, 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन कशाने उघडावी ते पान काढावे, ओक्युलर निवडावा व तो नेहमीसाठी ठरवावा. फायरफॉक्सला तेथून काढू नये. 'कृपया थांबा' असे पान समोर आले की त्याच यादीतून त्याला हाक मारता येते.